इंग्लंडहून जहाजाने आलेल्या खापरपणजीचं माहेर कसं शोधायचं: अगदी नवख्यांसाठी

मेलबर्न, सिडनी, ॲडलेड, सगळीकडे आता आपली मराठी माणसं भरपूर झालीत आणि सून किंवा जावई इथल्या जुन्या घराण्यातला असणं हे काही नवीन राहिलं नाही. मग नातवंडं शाळेतून फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आणतात, आपल्या बाजूचं आपण भराभर सांगतो, मूळ गाव, कुलदैवत, पणजोबांचे भाऊ किती, आणि दुसऱ्या बाजूला एकच वाक्य असतं की ग्रॅनीची ग्रॅनी इंग्लंडहून जहाजाने आली होती. नाव मेरी ॲन. आडनाव नवऱ्याचं. संपलं.

मी माझ्या सुनेच्या घरासाठी हे काम करत करत शिकले आणि मला मनापासून वाटतं की हे जमण्यासारखं आहे, कोणालाही, घरबसल्या, फक्त क्रम पाळायला हवा. बहुतेक जण पहिल्याच दिवशी इंग्लंडच्या रेकॉर्डमध्ये उडी मारतात, तिथे एका नावाच्या पन्नास बायका निघतात, आणि मग कंटाळून सोडून देतात.

बाईचा शोध पुरुषापेक्षा अवघड का पडतो ते आधी लक्षात घ्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या नाहीतर नाशिकच्या उपाध्यायांच्या नामावळीत पुरुषांची नावं पिढ्यान्‌पिढ्या सलग मिळतात, लेक मात्र लग्न झालं की दुसऱ्या घराच्या वहीत जाते, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. तिकडे पहिलं नाव तरी तिच्याजवळ राहायचं, पण बाकी सगळं तसंच. जमीन नवऱ्याच्या नावावर, पेपरात उल्लेख मिसेस अमुक तमुक. म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: तिला स्वतःला "तुझं नाव काय, तू कुठली, तुझे आईवडील कोण" असं कोणी आणि कधी विचारलं? ते कागद शोधायचे. असे क्षण कमी आहेत पण आहेत.

उदाहरणासाठी आपण एक काल्पनिक बाई धरू, मेरी ॲन, १८५०च्या दशकात कॉर्नवॉलहून, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या परगण्यातून, व्हिक्टोरियात आलेली. कॉर्नवॉल मुद्दाम घेतला कारण तिथल्या खाणकामगारांची कुटुंबं त्या काळात फार मोठ्या संख्येने बाहेर पडली, आधी साउथ ऑस्ट्रेलियात बुर्राच्या तांब्याच्या खाणीवर, आणि १८५१ला सोनं सापडल्यावर व्हिक्टोरियात बॅलरॅट-बेंडिगोला. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ला साधारण ७७ हजार होती ती दहा वर्षांत ५ लाखांवर गेली, तेव्हा अशा मेरी ॲन किती आल्या असतील ते बघा.

आधी घरातलं गोळा करा

जिवंत असलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा, आजच. फॅमिली बायबल आहे का विचारा, पहिल्या पानांवर जन्म-लग्न-मृत्यू लिहायची पद्धत होती. फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव आणि गाव असतं, ते बघा. आणि मुलांची पूर्ण नावं लिहून काढा, मधल्या नावांसकट, कारण आईचं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून द्यायची पद्धत फार होती. थॉमस पेनरोज अमुक असा मुलगा असेल तर पेनरोज हे बाईचं किंवा तिच्या आईचं माहेर असू शकतं. पुरावा नाही, पण दिशा मिळते.

सुरुवात मृत्यूपासून

हे ऐकायला उलटं वाटतं पण शोध नेहमी शेवटाकडून मागे न्यायचा. आणि ऑस्ट्रेलियात याचं मोठं भाग्य आहे. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ला सुरू झाली, न्यू साउथ वेल्समध्ये १ मार्च १८५६ला, आणि या दोन ठिकाणचे दाखले त्या काळच्या इंग्लंडच्या दाखल्यांपेक्षा कितीतरी भरलेले असतात. मृत्यूच्या दाखल्यावर वय आणि कारण तर असतंच, पण आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, जन्म कुठला, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कोणाशी, आणि मुलांची नावं वयासकट, इतकं सगळं विचारलेलं असतं. एका कागदात अर्धं काम.

इंडेक्स ऑनलाइन आहे, व्हिक्टोरियात ३० वर्षांपूर्वीचे मृत्यू, ६० वर्षांपूर्वीची लग्नं आणि १०० वर्षांपूर्वीचे जन्म कोणालाही बघता येतात, आणि दाखल्याची इमेज पैसे भरून डाउनलोड करता येते. सर्टिफाइड कॉपी घेऊ नका, ती महाग असते आणि आपल्याला कोर्टात द्यायची नाहीये. साउथ ऑस्ट्रेलियात नोंदणी १८४२लाच सुरू झाली पण तिथल्या मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं नसायची, त्यामुळे तिथे वारलेली असेल तर पुढच्या पायऱ्यांवर जास्त अवलंबून राहावं लागेल.

आता सावध राहायची गोष्ट. ही माहिती बाईने दिलेली नसते, ती तर गेलेली असते. कोणी दिली ते इन्फॉर्मंटच्या रकान्यात बघा. मुलगी असेल तर बरं, आईने सांगितलेल्या गोष्टी मुलींच्या लक्षात राहतात. जावई किंवा अंत्यविधी करणारा असेल तर तिच्या आईचं माहेरचं आडनाव त्याला कुठून माहीत असणार? अशा वेळी "माहीत नाही" असं लिहिलेलं असतं किंवा अंदाजाने काहीतरी. म्हणून एका दाखल्यावर इमारत बांधू नका.

मुलांचे जन्मदाखले, हे खरे तिचे शब्द

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात किमती कागद हाच. मुलाचा जन्म नोंदवायला आई स्वतः किंवा बाप जायचा, आणि व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या दाखल्यात आईचं नाव, माहेरचं आडनाव, वय, जन्मठिकाण, लग्न कधी आणि कुठे झालं, आणि आधीची मुलं कोणती, त्यातली गेलेली कोणती, हे सगळं असायचं. म्हणजे जिवंत बाई, तिशीतली, शुद्धीवर, स्वतःच्या गावाचं नाव सांगतेय.

एकाच मुलाचा घेऊन थांबू नका, परवडेल तर तीन-चार मुलांचे घ्या. एकात नुसतं "इंग्लंड" असेल, दुसऱ्यात "कॉर्नवॉल", तिसऱ्यात "कॅम्बोर्न" मिळेल. लिहिणारा कारकून बदलला की तपशील बदलतो. वयं पण ताडून बघा, चार दाखल्यांवरून जन्मवर्ष काढलं की साधारण दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येतं. आणि लग्नाचं ठिकाण नीट वाचा, "ॲट सी" म्हणजे समुद्रावर असं पण क्वचित मिळतं, नाहीतर लग्न इंग्लंडलाच झालेलं असेल तर मग शोध वेगळ्या वाटेने जातो कारण मग ती जहाजावर नवऱ्याच्या आडनावाने चढली.

लग्न इथे झालं असेल तर तो दाखला घ्याच, यात नवरा-नवरी दोघांचेही आई आणि वडील असतात. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यात फक्त बापाचं नाव आणि धंदा असायचा, आईचं नाव तिथल्या नोंदीत यायला मे २०२१ उजाडावं लागलं. साक्षीदारांची नावं वेगळी लिहून ठेवा, तिची बहीण किंवा गावाकडची मैत्रीण बरेचदा साक्षीदार असते. सही केलीय की फुली मारलीय ते पण बघा. फुली असेल तर आपल्या नावाचं स्पेलिंग तिने कधी तपासलेलंच नाही, म्हणजे पुढे कुठल्याही स्पेलिंगमध्ये नाव सापडू शकतं.

जहाज

इथे बहुतेकांना वाटतं की जहाज मिळालं की सगळं मिळालं. तसं नाही, पण ती सरकारी मदतीने आली असेल तर खरंच खूप मिळतं. १८४०ला लंडनमध्ये वसाहतींसाठी एमिग्रेशन कमिशन बसलं आणि घरकाम करणाऱ्या तरुण मुली, शेतमजूर, कारागीर, लग्न झालेली जोडपी यांना फुकट किंवा थोड्या पैशात पाठवायचे. न्यू साउथ वेल्सला उतरल्यावर इमिग्रेशन बोर्ड जहाजावर येऊन प्रत्येकाची चौकशी करायचं, त्या याद्यांमध्ये वय, काम, धर्म, वाचता-लिहिता येतं का, मूळ गाव, आईवडिलांची नावं आणि ते जिवंत आहेत का, वसाहतीत कोणी नातेवाईक आहे का, हे सगळं मिळतं. "ब्रदर इन सिडनी" अशा दोन शब्दांनी पुढचा सगळा शोध सोपा होतो.

व्हिक्टोरियाच्या याद्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरियात आहेत, मदतीने आलेल्यांच्या १८३९ ते १८७१ आणि स्वतःच्या पैशाने आलेल्यांच्या १८५२ ते १९२३, इंडेक्स फुकट शोधता येतो. स्वतःच्या पैशाने आलेल्यांच्या यादीत मात्र फारसं काही नसतं, नाव, वय, कधीकधी काम. व्हिक्टोरिया वेगळी वसाहत झाली १ जुलै १८५१ला, त्याआधी ती न्यू साउथ वेल्सचा भाग होती, म्हणून १८४०च्या दशकातली पोर्ट फिलिपची (मेलबर्नच्या भागाचं तेव्हाचं नाव) जहाजं न्यू साउथ वेल्सच्या इंडेक्समध्ये पण बघा.

जहाजाच्या यादीतलं वय मनावर घेऊ नका. मदत मिळायला वयाची अट होती, त्यामुळे मोठ्या मुली दोन-चार वर्षं कमी सांगायच्या, आणि ज्या फार लहान त्या वाढवून सांगायच्या. काम पण तसंच, घरकामवाल्या मुलींना जागा पटकन मिळायची म्हणून खाणीवर खनिज फोडणारी मुलगी पण "डोमेस्टिक सर्व्हंट" लिहून घ्यायची. आणि प्लिमथ किंवा लिव्हरपूलहून जहाज सुटलं म्हणजे ती तिथली असं अजिबात समजू नका, ती फक्त बंदरं.

एकट्या मुलींना जहाजाच्या मागच्या भागात वेगळं ठेवायचे, मेट्रनच्या देखरेखीखाली, एकटे पुरुष पुढे आणि मधे कुटुंबं, आणि असे तीन-चार महिने काढायचे. त्यामुळे ज्या मुली एकत्र आल्या त्या पुढे एकमेकींच्या लग्नाला साक्षीदार, मुलांच्या बारशाला गॉडमदर अशा दिसत राहतात. यादीतली फक्त आपली ओळ कॉपी करू नका, सगळ्या एकट्या मुलींची पानं वाचा, एकाच गावच्या कोण कोण आहेत ते टिपा. या मुलींची उतरल्यावर काय अवस्था व्हायची हे बघून कॅरोलाइन चिझमने १८४१ला सिडनीत त्यांच्यासाठी निवारा काढला. त्याआधी ती मद्रासला होती आणि तिथे तिने सैनिकांच्या मुलींसाठी शाळा चालवली होती. तुमच्या बाईने १८४०च्या दशकात सिडनीला पाऊल ठेवलं असेल तर चिझमचं काम जरूर वाचा, काळ कळतो.

पेपर आणि कबरी

ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची साइट, जुने पेपर फुकट. नवऱ्याच्या नावाने शोधा, गावाच्या नावाने शोधा, जहाजाच्या नावाने शोधा. मृत्यूच्या जाहिरातीत शेवटी "होम पेपर्स प्लीज कॉपी" असं छापलेलं असतं, म्हणजे मायदेशातल्या पेपरांनी ही बातमी उचलावी, आणि नशीब असेल तर "कॉर्नवॉल पेपर्स प्लीज कॉपी" असं परगण्याचं नाव मिळतं. मग तिकडच्या पेपरात, कॉर्नवॉलसाठी ट्रुरोचा वेस्ट ब्रिटन, तीच बातमी शोधायची, त्यात बरेचदा "अमुकची तिसरी मुलगी" असं जास्तीचं असतं कारण तिथे तिला बापाच्या नावाने ओळखणारी माणसं होती. हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती पण असायच्या, भाऊ बहिणीला शोधतोय, आई मुलीला शोधतेय, पत्र लिही, आम्हाला काळजी आहे. त्या वाचताना गलबलून येतं.

कबरीवर मूळ गाव कोरायची पद्धत कॉर्नवॉलच्या लोकांत चांगलीच होती. फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्हज या साइटवर फोटो मिळतात. शेजारच्या कबरी पण बघा.

आता इंग्लंड

एवढं झाल्यावर तुमच्याकडे बाईचं माहेरचं नाव, आईबापांची नावं, अंदाजे जन्मवर्ष आणि निदान परगणा इतकं असायला हवं. नसेल तर मागच्या पायऱ्यांवर परत जा, पुढे जाऊन उपयोग नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे जीआरओ, त्यांचा स्वतःचा ऑनलाइन जन्मांचा इंडेक्स आहे, खातं उघडलं की फुकट, आणि त्यात १८३७पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. जुन्या छापील इंडेक्समध्ये ते १९११नंतरच यायचं, त्यामुळे हा इंडेक्स म्हणजे आपल्यासारख्यांना केवढी मोठी सोय. समजा मेरी ॲन हॅरिस, आई पेनरोज, तर हॅरिस-पेनरोज ही जोडी रेडरुथ जिल्ह्यात टाकून दहा-पंधरा वर्षांतली सगळी मुलं काढायची, भावंडांचा अख्खा गठ्ठा समोर येतो. लक्षात ठेवा, तारीख नाही, तिमाही असते, आणि ती नोंदणीची तिमाही, जन्माची नाही. नोंदणीला सहा आठवडे मिळायचे त्यामुळे डिसेंबरचं बाळ मार्चच्या तिमाहीत दिसतं. लग्नांसाठी फ्रीबीएमडी ही साइट वापरा, स्वयंसेवकांनी केलेली आहे, फुकट आहे.

१८७५पर्यंत नोंदणी न केल्याबद्दल दंड नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या काळातले काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. नाही मिळालं म्हणजे ती जन्मली नाही असं नाही.

मग शिरगणती. १८४१पासून दर दहा वर्षांनी. १८४१च्या शिरगणतीत पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवायला सांगितली होती, म्हणजे २४ वर्षांची मुलगी २० दिसते, आणि घरातली नाती दिलेली नाहीत, जन्म त्याच परगण्यातला का एवढंच हो किंवा नाही. १८५१पासून मात्र नातं, नेमकं वय आणि जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, मिळतं. १८८१ची शिरगणती फॅमिलीसर्च या साइटवर फुकट आहे, आपली बाई तोपर्यंत गेलेली असेल पण तिचे भाऊ आणि म्हातारी आई तिथे असतील, त्यांना सोडू नका.

नावांची गंमत लक्षात ठेवा. पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, नेली म्हणजे एलन किंवा एलेनॉर, बेट्सी आणि एलायझा म्हणजे एलिझाबेथ, फॅनी म्हणजे फ्रान्सिस, पेगी म्हणजे मार्गारेट. ॲन आणि हॅना एकमेकींच्या जागी येतात. शब्दाच्या सुरुवातीचा "ह" खाऊन बोलायची सवय खूप ठिकाणी होती त्यामुळे हॅरिसचं ॲरिस होतं, कारकून ऐकू आलं ते लिहायचा. लिपी वाचून टाइप करणाऱ्याने आणखी एक चूक केलेली असते ती वेगळीच.

एका नावाच्या चार मुली, यातली आपली कोण

इथे घाई केली की पुढच्या सगळ्या पिढ्या चुकीच्या होतात, आणि ऑनलाइन झाडांमध्ये ही चूक इतकी पसरलेली आहे की मला खरंच वाईट वाटतं, कोणीतरी एकदा चुकीची मेरी ॲन जोडली आणि पुढे दोनशे जणांनी तीच कॉपी केली. दुसऱ्याचं झाड हे फक्त इशारा समजा.

पद्धत अशी. तुमच्या परगण्यातल्या, त्या वयाच्या, त्या नावाच्या सगळ्या मुली एका कागदावर मांडा. मग प्रत्येकीचा इंग्लंडमध्येच पुढचा माग काढा. एक लहानपणी वारली असेल, जीआरओच्या मृत्यूच्या इंडेक्समध्ये वय मिळतं, ती बाद. दुसरीचं तिथेच लग्न झालं आणि १८६१च्या शिरगणतीत ती चार मुलांसकट तिथेच आहे, ती बाद. आपली बाई १८५७ला जहाजात चढली असेल तर ती १८४१ला आणि १८५१ला तिथे असायला हवी आणि १८६१ला नसायला हवी. जी नाहीशी झाली, आणि जिचं नाहीसं होणं बाकी कशाने समजत नाही, ती आपली उमेदवार.

तरी थांबू नका. उमेदवाराच्या बापाचं नाव आणि धंदा ऑस्ट्रेलियातल्या दाखल्याशी जुळतो का? भावंडांची नावं तिने मुलांना दिलीत का? तिच्या जहाजावर त्याच पॅरिशमधले कोणी आहे का? बापाचं मृत्युपत्र मिळतं का बघा. १२ जानेवारी १८५८पासून इंग्लंड-वेल्सची मृत्युपत्रं एका जागी नोंदली गेलीत आणि त्यांचं वर्षवार कॅलेंडर ऑनलाइन आहे. "माझी मुलगी मेरी ॲन, अमुकची बायको, हल्ली ऑस्ट्रेलियात" अशी एक ओळ मिळाली की सगळे प्रश्न मिटतात. खुद्द तिचं मृत्युपत्र शोधायला गेलात तर इंग्लंडमध्ये १८८२च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता सहसा नसायचीच, त्यामुळे विधवा किंवा अविवाहित असेल तरच आशा.

१८३७च्या मागे

आता पॅरिशची रजिस्टरं. ती १५३८पासून सुरू होतात, सगळीकडची टिकलेली नाहीत. १८१३पासून छापील फॉर्म आले त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदीत राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा मिळतो. पण कॉर्नवॉलमध्ये मेथडिस्ट, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे लोक फार, त्यामुळे पॅरिश चर्चमध्ये मूल सापडलं नाही तर त्यांच्या वेस्लियन चॅपलची (प्रार्थनाघरांची) रजिस्टरं बघायला हवीत. १८३७नंतर सरकारने अशी चॅपलची जुनी रजिस्टरं मागवून घेतली, ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांच्या इमेज ऑनलाइन बघता येतात. लग्न मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना सरकारमान्य चर्चमध्येच करावं लागायचं, म्हणजे मेथडिस्ट आईबापांचं लग्न पॅरिश रजिस्टरमध्येच शोधायचं.

कॉर्नवॉलसाठी ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स म्हणून स्वयंसेवकांचा फार सुंदर फुकट डेटाबेस आहे. बाकी परगण्यांसाठी फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च. अँसेस्ट्री, फाइंडमायपास्ट या पैशाच्या साइट आहेत पण लगेच वर्गणी भरू नका, मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत जाऊन अँसेस्ट्री फुकट वापरता येते.

दाखल्यावर "पूना" किंवा "किर्की" दिसलं तर

हे आपल्या लोकांनी नीट वाचा, कारण इथे आपल्याला जे पटकन कळतं ते इथल्या माणसांना कळत नाही. काही बाया इंग्लंडहून सरळ ऑस्ट्रेलियात आल्या नाहीत, आधी सैनिकाची बायको म्हणून हिंदुस्थानात राहिल्या. मोठ्या मुलाचं जन्मठिकाण "ईस्ट इंडीज" किंवा जुन्या स्पेलिंगमध्ये किर्की, टॅना, अहमदनग्गर, बसीन असं असतं. खडकी, ठाणे, अहमदनगर, वसई हे आपल्याला दिसताक्षणी कळतं, इथले लोक नकाशावर शोधत बसतात. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवायचे, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या मालिकेत आहेत, फाइंडमायपास्टवर इमेज आहेत. फिबिस म्हणून संस्था आहे, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, तिचा डेटाबेस फुकट शोधता येतो. छावणीत नवरा तापाने किंवा कॉलऱ्याने गेला की बाई काही महिन्यांतच पलटणीतल्याच दुसऱ्याशी लग्न करायची, दुसरा इलाजच नसायचा, त्यामुळे एकाच बाईची दोन-तीन आडनावं धरून शोधा.

कैदी म्हणून आली असेल तर

टास्मानियात १८५३च्या आधी किंवा सिडनीत १८४०च्या आधी आलेली आणि जहाज कुठेच मिळत नाही, तर ही शक्यता तपासा. साधारण २५ हजार बायका शिक्षा म्हणून पाठवल्या गेल्या, बऱ्याच जणी कपडे, भांडी असल्या चोऱ्यांसाठी. घराण्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या लपवलं, म्हणून घरच्यांशी बोलताना जपून बोला. कागद मात्र कैद्यांचे सगळ्यात जास्त मिळतात, उंची, डोळ्यांचा रंग, मूळ गाव, बहीणभावांची नावं सुद्धा. लंडनच्या खटल्यांसाठी ओल्ड बेली ऑनलाइन, १६७४ ते १९१३, फुकट.

अमेरिकेला गेलेली असेल तर

थोडक्यात सांगते. प्रवाशांच्या याद्या १८२०पासून आहेत पण १९व्या शतकातल्या बहुतेक याद्यांत गाव नसतं, नुसतं "इंग्लंड". न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद १८५५पासून कॅसल गार्डनला आणि १ जानेवारी १८९२पासून एलिस आयलंडला व्हायची. शिरगणतीत प्रत्येकाचं नाव १८५०पासून मिळतं, १८९०ची १९२१च्या आगीनंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली, आणि १९००ची सगळ्यात उपयोगी कारण त्यात देशात कधी आली, लग्नाला किती वर्षं, किती मुलं झाली आणि किती जिवंत हे बाईला विचारलेलं आहे. नागरिकत्वाचे कागद तिच्या नावाने शोधू नका, १८५५च्या कायद्याने नागरिकाशी लग्न केलं की बाई आपोआप नागरिक व्हायची, १९२२पर्यंत तसंच होतं, म्हणून नवऱ्याची फाइल काढा. नवरा यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना वारला असेल तर तिची विधवा पेन्शनची फाइल अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये असू शकते, त्यात लग्नाचा पुरावा म्हणून तिने दिलेले कागद आणि जबान्या असतात, यासारखं दुसरं काही नाही.

डीएनए

कागद अडले की करा, आधी नको. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची टेस्ट करा, कारण खापरपणजीचा वाटा खापरपणतवंडात सरासरी ६ टक्के राहतो आणि पुढे दर पिढीला निम्मा होतो. तिच्या भावंडांचे वंशज कॉर्नवॉलमध्ये किंवा कॅनडात मॅच म्हणून निघाले की कागदावरचा अंदाज पक्का होतो. टेस्ट करण्याआधी घरच्यांना सांगा की न मागितलेलं पण काही कळू शकतं.

परगण्याच्या अर्काइव्हला पत्र

सगळं ऑनलाइन नाही. गरिबांच्या मदतीचे कागद, वर्कहाऊसची (गरिबांना ठेवायच्या सरकारी घरांची) रजिस्टरं, शाळेची हजेरी हे परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं, कॉर्नवॉलचं रेडरुथला क्रेसेन केर्नाउ. त्यांना ईमेल लिहिताना घराण्याची सगळी कहाणी लिहू नका, उत्तर देणाऱ्याकडे वेळ कमी असतो. बाईचं माहेरचं नाव, अंदाजे जन्मवर्ष, पॅरिश, चर्च की चॅपल, आईबापांची नावं, तुम्ही आधी कुठली रजिस्टरं कुठल्या वर्षांसाठी बघितली, आणि आता नेमकी एकच गोष्ट काय हवीय, इतकं सात-आठ ओळींत द्या. शोधाची फी किती आणि इमेज ईमेलने मिळेल का हे त्यातच विचारून घ्या, आणि उत्तर आलं की त्यातला संदर्भ क्रमांक तुमच्या नोंदवहीत त्या कागदाच्या नावापुढे लगेच उतरवून ठेवा.